थोरलीचं दत्तकविधान

मी स्वभावाने हेवेखोर आहे. वय झालं म्हणून हा गुण गेला असेल असं कुणी समजू नये. शेजारणीच्या मोगऱ्याला माझ्यापेक्षा चार कळ्या जास्त आल्या तर अजूनही माझा सकाळचा चहा कडू होतो. पण पोटात खरोखर निखारा ठेवल्यासारखं होतं म्हणजे काय, ते मला नवव्या वर्षी कळलं. त्याला कारण होती सात वर्षांची एक मुलगी, जिच्या अंगावर धड झंपरही नव्हतं.

हैद्राबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू गेली होती, तरी म्हातारी माणसं अजून अर्जाला दरखास्तच म्हणत. आमचं गाव येरमाळ्यापासून दोन-अडीच कोसांवर. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावातल्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते आणि तिथल्या चार इयत्तांच्या शाळेचे एकुलते एक मास्तर. मंडळी म्हणजे वीस-बावीस घरं, सगळी गावकुसाबाहेर. आमचं देऊळ म्हणजे दगडमातीच्या भिंती आणि वर पत्रा. बाहेर लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच घंटा. ती वाजवण्याचा मान माझा होता.

मान माझे पुष्कळ होते. माझ्याआधीची दोन भावंडं तान्ही असतानाच गेली होती आणि माझ्यानंतर कुणी झालं नव्हतं. त्यामुळे तव्यावरच्या पहिल्या भाकरीचा पापुद्रा माझा. संध्याकाळच्या प्रार्थनेला घोंगडीवर आबांच्या डाव्या हाताची जागा माझी. आबांच्या खिशातला उरलेला खडू माझा. घरात मला सगळे ‘बाळी’ म्हणत आणि हे सगळं असंच राहणार याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

त्या वर्षी सरकारने येरमाळ्याकडे जाणारा रस्ता खडी टाकून पक्का करायला घेतला. खडी फोडणाऱ्यांची एक टोळी आमच्या शिवारात पालं ठोकून राहिली. त्यांच्यातली एक बाई तापाने आजारी पडली. आई रोज तिच्यासाठी पेज घेऊन जायची. पंधरा दिवसांनी ती बाई गेली. तिच्यामागे तिचा नवरा आणि एक पोर राहिलं. हा नवरा एके दिवशी पोरीला घेऊन आमच्या दाराशी आला, डोक्याचं मुंडासं सोडून हातात धरलं आणि आबांना म्हणाला, “मास्तर, म्या दगुड फोडावं का हिला बघावं? तुमचा देव हिला ठिवून घील का?”

आबांनी आईकडे बघितलं. आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने सरळ त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच दिवशी दुपारी आई मला म्हणाली, “आता तू थोरली. धाकटीला पाणी दे.” नऊ वर्षांचं माझं ‘बाळी’ हे नाव एका तांब्याभर पाण्याबरोबर वाहून गेलं.

धाकटीबद्दल खरं तेच सांगते. ती वाईट नव्हती. वाईट असती तर बरं झालं असतं, मला तोंडभर तक्रार करता आली असती. ती भांडत नव्हती, मागत नव्हती, काही दिलं तर दोन्ही हातांनी घेत होती. पापुद्रा आता अर्धा अर्धा होऊ लागला. घोंगडीवर आबांचा डावा हात मला राहिला, पण उजवा तिला गेला आणि प्रार्थना करताना आबा उजवा हातच वर उचलत, तो उतरताना तिच्या डोक्यावर टेकत असे. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसेल.

सगळ्यात मला खुपायचे ते तिचे तळहात. इवल्या वयापासून हातोडी धरून ते खरबरीत झाले होते, भेगा पडल्या होत्या. आई रोज संध्याकाळी करडईचं तेल कोमट करून ते हात मांडीवर घेई आणि हळूहळू चोळत बसे. चोळताना तिच्याशी बोले. माझ्याशी आई चालताबोलता, कामात बोलायची, असं बसून कधी बोलत नसे. एकदा मी मागच्या दारी गेले, शिळेचा एक तुकडा घेतला आणि दोन्ही तळहात घासघास घासले. रक्त आलं तेव्हा आईसमोर नेऊन धरले. आईने हळद दाबली आणि म्हणाली, “नसते उद्योग करू नगंस.” तेल काही लावलं नाही.

तरी धाकटीला एक खोड होती. तिच्याजवळ तिच्या मेलेल्या आईच्या लुगड्याचा एक फाटका तुकडा होता. घरात कुणाचाही आवाज चढला, नुसतं भांडं पडलं तरी, ती उठायची, आपलं परकर-पोलकं त्या तुकड्यात बांधायची आणि ते गाठोडं मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसायची. रडायची नाही. कुणीतरी जा म्हणेल आणि आपण तयार असलेलं बरं, एवढंच. बिछान्याखाली भाकरीचे तुकडे सापडायचे. आई तिला उचलून आत आणायची, समजूत घालायची. पुढच्या वेळी गाठोडं पुन्हा उंबऱ्यावर.

मला ते गाठोडं फार आवडायचं. ते बघितलं की वाटायचं, ही पाहुणी आहे, जाईल.

त्याच्या आदल्या वर्षी गावात पाटलीणबाईंनी पुतण्याला दत्तक घेतलं होतं. विधवा बाई, पोटी कुणी नाही. चार माणसांत त्याला तिच्या मांडीवर बसवलं, त्याच्या बापाने आपल्या हाताने त्याला दिलं आणि गावभर साखर वाटली. आमच्या वस्तीपर्यंतसुद्धा आली. वाटणाऱ्याने ती आमच्या ओंजळीत वरून टाकली, हात लागू न देता. पुढे तो दत्तक गडी काही नीट निघाला नाही. एकदा तर म्हातारीच्या अंगावर धावून गेला. लोक म्हणाले, परत पाठवा त्याला. तुळजापूरचे भटजी म्हणाले, ते होत नाही, एकदा घेतलेलं दत्तक फिरवता येत नाही. आणि त्याच साली गावातल्या एका शेतकऱ्याने भांडणावरून पोटच्या पोराला “तू माझा न्हाईस” म्हणून घराबाहेर काढलं. त्याला मात्र कुणी अडवलं नाही.

आबा या दोन्ही गोष्टींवर बरेच दिवस विचार करत असावेत. एका रविवारी तालुक्याहून पाळकसाहेब येणार होते, धाकटीचा बाप्तिस्मा व्हायचा होता. आबांनी खडी फोडणाऱ्या टोळीकडे निरोप पाठवून तिच्या बापालाही बोलावून घेतलं. बाप्तिस्मा झाल्यावर त्यांनी वेदीपुढे घोंगडी अंथरली, तिच्यावर आईला बसवलं आणि बापाला म्हणाले, “आता तुमच्या हातानं द्या.” त्या माणसाने पोरीला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. ठेवल्यावर त्याचे हात जरा वेळ तसेच अधांतरी राहिले. मग आबांनी त्याला टॉवेल-टोपी दिली आणि सगळ्या मंडळीला साखर वाटली. साखर आमच्या घरात पाहुण्यापुरतीच असायची. त्या दिवशी आख्खा डबा रिकामा झाला.

असलं काही आमच्या मंडळीत पूर्वी कधी झालं नव्हतं. पाळकसाहेबांनी भुवया उंचावल्या, पण साखर घेतली. आबांनी उपदेश केला. म्हणाले, देवाने आपल्याला असंच घेतलंय. ओढवलं म्हणून नाही, चुकून नाही, बघून घेतलंय. म्हणाले, “पोटच्या पोराला बाप घराबाहेर काढतो, ते तुमी ह्याच गावात बघितलंय. पर दत्तक घेतलेल्याला काढता येत न्हाई, ते बी तुमी बघितलंय. मग देवानं घेतल्यालं लेकरू देव कसं काढील?” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आईच्या मांडीवरून धाकटी आबांकडे टकामका बघत होती. त्या संध्याकाळी तिने गाठोडं सोडलं, परकर-पोलकं खुंटीला टांगलं आणि लुगड्याचा तुकडा घडी घालून कोनाड्यात ठेवला. बिछान्याखाली भाकरी सापडणं बंद झालं.

इकडे माझी झोप उडाली.

कारण मी उपदेश नीट ऐकला होता. मास्तरांची मुलगी मी, ऐकून घेणं माझ्या हाडात होतं. पोटच्याला काढता येतं, दत्तक घेतलेल्याला येत नाही. घरात पोटची कोण? मी. देवाची लेकरं कोण? दत्तक घेतलेली. मला कुणी, कधी, कुणाच्या मांडीवर ठेवलं होतं? मी आईला विचारलं, “माझ्या वक्ताला साखर वाटली व्हती का?” आई जात्यावर होती. म्हणाली, “तुझ्या वक्ताला? दोन गेलेली, तू बी जातीस का काय म्हणून मी नुसती तुझ्या नाकाम्होरं बोट धरून बसले व्हते. साखर कुठं सुचती.” तेव्हा मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की साखर वाटली नव्हती.

मग मीही एक गाठोडं बांधलं. आईच्या जुन्या पदराच्या तुकड्यात माझा झगा गुंडाळला आणि उंबऱ्यावर जाऊन बसले. आबा आले, माझ्यावरून पाय टाकून आत गेले. आई केरसुणी घेऊन आली आणि म्हणाली, “ऊठ गं, झाडायचंय.” चार-पाच दिवस मी हे करून बघितलं. एकट्या धाकटीनेच विचारलं, “कुठं चाललीस?” मी तिच्याकडे तोंड वाकडं करून बघितलं.

अशी सात-आठ महिने मी जळत होते. तिने पाठांतर पटकन केलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नाताळात दोघींना एकाच ताक्यातलं निळं कापड आलं तर मला वाटलं, तिचा घेर मोठा शिवलाय. मी दोन्ही झगे पसरून वितीने मोजले. सारखेच निघाले, तेव्हा आणखी वाईट वाटलं.

चैत्रात येडेश्वरीची यात्रा भरते. आम्ही यात्रेला जात नव्हतो, पण आमच्या वस्तीवरून गाड्यांची आणि पायी माणसांची रांग लागायची. त्यातल्याच कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की ती खडी फोडणारी टोळी आता येरमाळ्याच्या अलीकडे उतरली आहे. मी ते ऐकलं आणि माझं डोकं चालू लागलं. दत्तक फिरवता येत नाही, हे घेणाऱ्यासाठी होतं. देणाऱ्याने परत नेलं तर? त्याबद्दल उपदेशात काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा शाळेत आणि आई शेंगा निवडायला गेलेली असताना मी कोनाड्यातला तो लुगड्याचा तुकडा काढला, धाकटीचे कपडे त्यात बांधले आणि गाठोडं उन्हासाठी डोक्यावरून घेतलेल्या फडक्याआड काखेत धरलं. तिला म्हणाले, “चल, तुझ्या बापाला भेटून येऊ.” तिचा चेहरा असा उजळला की क्षणभर मला स्वतःचीच लाज वाटली. ती लाज फार वेळ टिकली नाही. रस्त्यावर यात्रेची गर्दी, दोन पोरी एकट्या कुठं चालल्या हे कुणी विचारलं नाही. एका गाडीवाल्याने मधेच कोसभर बसवून घेतलं. धाकटी सारा वेळ बोलत होती. बापाला आपण सगळं पाठांतर म्हणून दाखवणार, असं तिचं चाललं होतं. मी मनातल्या मनात आजचा पापुद्रा आख्खा खात होते.

पालं रस्त्याच्या कडेलाच होती. खडीच्या ढिगाशी तिचा बाप उकिडवा बसून दगड फोडत होता. पालात एक नवी बाई होती, तिच्या मांडीवर तान्हं मूल. त्याने दुसरं लग्न केलं होतं. आम्हाला बघून त्याने हातोडा खाली ठेवला. मग त्याने धाकटीचा हात धरला, तळवा वर केला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवला.

“मऊ झालं हात,” तो म्हणाला.

तो तळवा त्याने बराच वेळ सोडला नाही. मला पाणी कुणी विचारलं नाही. मी काखेतलं गाठोडं काढून खडीच्या ढिगावर ठेवलं. ठरवून आणलेलं वाक्य मनात घोळवत होते, की ही तुमची, तुम्ही ठेवून घ्या. धाकटीने वळून बघितलं. आईच्या लुगड्याचा तुकडा तिने ओळखला. तिची सगळी बडबड एकदम बंद झाली. तिला कळलं. सात वर्षांच्या त्या पोरीला गाठोडं म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

“ह्ये गठुडं कशाला आणलंय?” बापाने विचारलं.

मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी धाकटी बोलली. “थोरलीचं हाय,” ती म्हणाली. “ती घरी बी बांधून बसती. तिला सवयच हाय.”

तिने मला वाचवलं की माझी खोड सांगितली, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

पालातली बाई मुलाला थोपटत आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला यातलं अर्धंच ठाऊक असावं. तिने विचारलं, “मास्तराची लेक कोणची गं ह्यातली?”

मी पुढे सरले. हा प्रश्न माझा होता. गेले आठ महिने कुणीतरी तो विचारावा म्हणून मी वाट बघत होते. पण धाकटीने गाठोड्याकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि अगदी सहज, मंडळीची माणसं मोजावीत तसं, सांगून टाकलं.

“दोगी बी.”

तिच्या बापाने मान खाली घातली. मग उठला, गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं आणि बायकोला म्हणाला, “म्या ह्या हातानं घातलीया तिला त्या बाईच्या मांडीवर. साखर खाल्लीया.” आम्हाला गूळ-शेंगदाणे दिले, पाणी दिलं आणि आमच्याबरोबर चालत निघाला. धाकटीला वाटेत त्याने खांद्यावर घेतलं होतं. मी मागून पाय ओढत येत होते. आमचं शिवार आलं तेव्हा त्याने तिला खाली उतरवलं. घरी चला म्हटलं तर नको म्हणाला. “आत आलो तर पाय निघायचा न्हाई,” म्हणाला आणि वळला.

दिवस अजून बराच वर होता. वस्तीच्या तोंडाशी आई उभी होती, पाठीमागे आबा आणि शाळेतली निम्मी पोरं. कुठं होता, असं आईने विचारलं. “माझ्या त्या बापाला भेटाय गेलतो,” धाकटी म्हणाली. आईने माझ्या हातातलं गाठोडं घेतलं, सोडलं. आत फक्त धाकटीचे कपडे होते. आईने ते आबांपुढे धरले.

आबांनी पोरांना घरी पाठवलं आणि मला आत बोलावलं. आता हे मला काढणार, माझ्या मनात एवढंच होतं. काढू शकतात. मी पोटची. म्हणून मीच आधी विचारलं, “मला आजच काढनार का उद्या?”

“कुठनं काढनार?”

“घरातनं. तुमीच म्हनला व्हता. पोटच्याला काढता येतं. दत्तकाला न्हाई येत.” आणि मग मला हुंदका आवरेना. “आन् देवाची लेकरं बी दत्तक घेतल्यालीच असत्यात. मला कुणी घेतलंच न्हाई.”

आबा खाली बसले. वीस वर्षं उपदेश करणाऱ्या माणसाला, आपलं बोलणं घरातल्याच एका लेकराने कसं ऐकलं होतं, ते त्या दिवशी कळलं. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते म्हणाले, “चुकी माझी झाली, बाळी.” आठ महिन्यांनी मी ते नाव ऐकलं.

मग त्यांनी मला सांगितलं. उपदेशासारखं नाही, अडखळत. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांच्या बापाला कुणी पाणी भरू देत नव्हतं. ओंजळ धरून उभं राहायचं, कुणाला दया आली तर वरून पाणी पडायचं. ते म्हणाले, “आमी कुणाच्याच मोजणीत नव्हतो. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की देवानं तुमाला घरात घेतलंय, दारात न्हाई, घरात. माझा बाप त्या रातीला जेवला न्हाई. नुसता हसत बसला व्हता.” आबांचे डोळे भरले होते. “ह्या घरात तू जन्मलीस. पर देवाच्या घरात जन्मलेला एकच, येशू. बाकी सगळी घेतलेली. मी, तुझी आई, तू, ती. तुला त्यानं कवाच घेतलंय. आन् मी तुला काढीन? तुझ्या नाकाम्होरं बोट धरून आमी दोघं रातभर जागलोय.”

मी नाक पुसलं. मला हवं ते मिळत होतं, पण हिशेब माझा सुटत नव्हता. मी विचारलं, “मग माझ्यात आन् तिच्यात फरक काय?”

“काहीच न्हाई,” आबा म्हणाले.

हे ते मला समाधान वाटावं म्हणून म्हणाले. मला ते तेव्हा थोबाडीत मारल्यासारखं लागलं. काहीतरी फरक असावा, तिळाएवढा, आणि तो माझ्या बाजूचा असावा, एवढीच माझी मागणी होती. मी हट्टाने म्हणाले, “मग मला बी घ्या दत्तक. मांडीवर. चार माणसांत.”

आबा म्हणाले, “अगं, तू आमचीच हाईस. तुला कसं घ्यायचं? आन् द्यायला बी कुणीतरी लागतंय.”

चुलीपाशी उभी राहून आई ऐकत होती. ती हात पुसत पुढे आली आणि घोंगडी अंथरून तिच्यावर बसली. “घ्या की,” म्हणाली. “आपलं काय जातंय.”

मी उभीच राहिले. खरंच कोण देणार मला? तेवढ्यात धाकटी दारातून आत आली. तिने ते दत्तकविधान एकदा पाहिलेलं होतं, नव्हे, केलेलं होतं. तिने माझं मनगट धरलं, मला घोंगडीपर्यंत आणलं, आईच्या मांडीवर ढकललं आणि आबांकडे बघून म्हणाली, “दिली.”

नऊ सरून दहावं लागलेली मी, माझे पाय घोंगडीच्या बाहेर लोंबत होते आणि आईची मांडी बहुतेक दुखली असेल. तरी तिने मला दोन्ही हातांनी धरलं. माझ्या कपाळावरचे केस मागे सारले आणि बसून बोलावं तसं बसून बोलली. काय बोलली ते माझं मी ठेवते. साखर नव्हती, म्हणून आबांनी गूळ फोडला. एक खडा मला दिला, एक धाकटीला. तिचा मोठा होता. मांडीवर बसल्या बसल्या माझ्या ते लक्षात आलं.

पुढच्या रविवारी आबांनी उपदेशात मागची चूक दुरुस्त केली. नाव माझं घेतलं नाही, पण सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला ते थोडं आवडलं.

त्यानंतर आम्ही दोघी चांगल्या बहिणी झालो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आम्ही बहिणी झालो. ती परिचारिका झाली, मी मास्तरीण. तिच्या हातांना रोगी दुवा देत, ते हात अजून मऊ होते आणि मला अजून खुपत होते. गाठोड्याची गोष्ट तिने कधी काढली नाही. मीही काढली नाही.

साठचं दशक सरता सरता आबा गेले. माती द्यायच्या आधी त्यांना देवळात ठेवलं होतं. आम्ही दोघी उशाशी बसलो होतो, मी डाव्या बाजूला, ती उजव्या. तालुक्याहून नवे पाळकसाहेब आले होते, आम्हाला न ओळखणारे. प्रार्थनेत घरच्यांसाठी विनंती करायची म्हणून ते वाकून हळूच विचारते झाले, “मास्तरांची मुलगी तुमच्यातली कोण?”

धाकटीने मान वर केली. ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं. ते तिने एकदा म्हटलेलंच होतं आणि तेव्हापासून ते तिच्या नावावर होतं. या खेपेला मी तिला तोंड उघडू दिलं नाही.

“दोघी,” मी घाईने म्हणाले.